उरलेलं कोणी खायचं?

परवा संध्याकाळी मामा-मामी अचानक दारात हजर! मंठ्याकडे जाणारी एसटी चुकली म्हणे. वाटूर पडलं फाट्यावरचं गाव, इथे पाहुणा कळवूनच येईल असं काही नाही. घरात काय होतं? सकाळच्या चार ज्वारीच्या भाकरी, दुपारीच फ्रीजमध्ये ठेवलेलं वाटीभर वरण, थोडी वांग्याची भाजी आणि चार अंडी.

मी म्हटलं, यातच भागवते. तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "पाहुण्यांना शिळं वाढतात का गं? तू ताजं टाक. हे मी खाईन उद्या."

ते "मी खाईन" काही डोक्यातून जाईना.

आपल्याकडे अन्न वाया जात नाही, असं आपण अभिमानाने सांगतो. पण मग ते जातं कुठे? सगळ्यांची जेवणं झाली की घरातली बाई एकटी बसून ते संपवते! 1972 च्या दुष्काळात मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला अन्न टाकवत नाही, ते योग्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे 60 टक्के घराघरांतून. तेव्हा न टाकण्याचा संस्कार हवाच. फक्त तो एकटीच्याच ताटात का?

असो. त्या दिवशी मी ऐकलं नाही. भाकरी कुस्करल्या, वर ताकाचा हबका मारला. तेलात शेंगदाणे, मोहरी, जिरं, लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा परतून त्यात तो कुस्करा घातला. मामी अंडं खात नाहीत, म्हणून त्यांचा वाटा आधी बाजूला काढला आणि उरलेल्यात चारही अंडी फोडून परतली. वरण आणि घोटलेली भाजी ज्वारीच्या पिठात, थोडं बेसन, कणीक, तीळ, ओवा घालून मळली. वेगळं पाणी लागलंच नाही. झाले की धपाटे! सोबत दही आणि ठेचा.

एक पथ्य मात्र पाळायचं. शिळं वेगळं आणि खराब वेगळं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या पुढे जातो. वरण, भाजी, भात तासाभराच्या आत फ्रीजमध्ये गेलेच पाहिजेत. बाहेर राहिलेल्या भातात काही जिवाणू असं विष तयार करतात, की ते फोडणीनेही जात नाही. असा भात पाहुण्याला नको, आणि घरच्या बाईलाही नको!

वाढताना मी सरळ सांगून टाकलं, हे सकाळचंच आहे बरं का. मामांनी तिसरा धपाटा मागून घेतला. माझ्या मते लपवून वाढणं हा पाहुण्याचा अपमान. सांगून वाढलं तर तो घरचा होतो.

त्या रात्री सगळे एकाच पंगतीला बसलो, सासूबाईसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तव्यावरची गरम भाकरी खाल्ली.

तुमच्या घरी उरलेलं कोण खातं? एकदा बघा तरी.