संचालकाची खुर्ची



व्यवस्थापनाचे उच्च शिक्षण ही धनिकांच्या मुलांची मिरास होय, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. तरीही प्रा. रवी मथाई यांचे उदाहरण आपण पाहावेच. 1965 साली ते अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. 1972 साली त्यांनी ते पद स्वेच्छेने सोडले व तेथेच प्राध्यापक म्हणून ते राहिले. मिळालेली खुर्ची आपल्या देशात कोण सोडतो? पुढे 1975 साली राजस्थानातील जवाजा येथे त्यांनी काम आरंभिले, तेही विणकर व चर्मकार यांच्यामध्ये. हात कुशल, पण बाजार परक्यांच्या मुठीत, अशी त्या कारागिरांची अवस्था होती. हिशेब, दर व गिऱ्हाईक यांचे ज्ञान त्यांच्याच हाती यावे आणि पुढे संस्थेची गरजच उरू नये, हा मथाईंचा हेतू होता.

मात्र मथाईंपाशी डॉक्टरेट नव्हती. आपल्या मुलामुलींना अध्यापकपदासाठी आज ती लागेल. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकांच्या थेट भरतीत राखीव जागांची तरतूद 2019 च्या कायद्याने झालेली आहे, आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा हक्क 1990 सालीच मान्य झाला आहे. तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा.