मत आपलं, हक्क सगळ्यांचा

१ एप्रिल २०२२ रोजी खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी, ही त्यातली मागणी. दौंड तालुका त्यांच्याच बारामती मतदारसंघात येतो. शेजारचं शिरूर वेगळ्या लोकसभा मतदारसंघात आहे, पण मोबाइलवरच्या वादाला मतदारसंघाची हद्द नसते.

पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला : विवाह हा मूलभूत हक्क नाही, कायदा करायचा तर संसदेने करावा. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. कायदा आहे तिथेच आहे. वाद मात्र मिटलेला नाही, आणि त्यात मुस्लीम तरुणाला दोन्ही बाजूंनी धक्के बसतात. कॉलेजात ऐकू येतं, "विरोध करतोस? म्हणजे मागासच!" मोहल्ल्यात ऐकू येतं, "शिव्या देत नाहीस? म्हणजे ईमान कच्चं!"

मित्रांनो, दोन्ही वाक्यं आपल्याला गप्प बसवण्यासाठीच आहेत.

निकाह स्त्री आणि पुरुष यांच्यात होतो, ही आपली श्रद्धा आहे. ती बोलून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. जमियत उलमा-ए-हिंदने याच खटल्यात हस्तक्षेप अर्ज करून आपला विरोध न्यायालयात मांडला. सुळे यांनी आपलं म्हणणं संसदेत मांडलं. दोघांचा मार्ग घटनेचाच. शिवाय न्यायालयाने सुनावणी विशेष विवाह कायद्यापुरती ठेवली होती. व्यक्तिगत कायद्यांना हात लावला नव्हता. "उद्या मशिदीत असे निकाह लावावे लागतील" हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढं तरी वाचायला हवं.

पण मत मांडणं वेगळं आणि माणसाचं जगणं अवघड करणं वेगळं. प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, हे ६ सप्टेंबर २०१८ पासून स्पष्ट आहे. तरीही रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एखाद्या मुलाला संशयावरून खोली सोडायला लावली, तर ते मतस्वातंत्र्य नव्हे. नाव ऐकून घर नाकारलं जाणं काय असतं, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

महाराष्ट्राला हा धडा जुना आहे. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू लढवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बहुसंख्यांना रुचत नाही म्हणून बोलणं गुन्हा ठरू नये, हा मुद्दा आजही जिवंत आहे.

आपल्यासाठी तो अधिकच जिवंत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली, तेव्हा कुणी कुणाशी लग्न करावं यात सरकारने डोकावू नये, असं आपणच म्हणालो. "बहुसंख्यांना पटत नाही" हे कारण दुसऱ्याच्या बाबतीत पुरेसं मानलं, तर आपल्या बाबतीत ते नाकारणार कोणत्या तोंडाने?

म्हणून आपली भूमिका सरळ असावी. श्रद्धा सोडायची नाही, ती लपवायचीही नाही. युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर द्यायचं. शिवी, धमकी, बदनामी यांत भाग घ्यायचा नाही. आणि आपल्याच घरातल्या मुलाने किंवा मुलीने मन मोकळं केलं, तर आधी ऐकून घ्यायचं. घराचा दरवाजा बंद करायचा नाही. न पटणाऱ्याशीही इन्साफाने वागणं, ही आपल्या दीनाचीच शिकवण आहे.