फेरफाराचा हक्क कोणाचा?

उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबासह कोकणच्या किनाऱ्यावर चार दिवस राहून येण्याचा जो शिरस्ता पुण्या-मुंबईच्या आणि नाशिक-कोल्हापूरच्या मध्यमवर्गीय घरांतून गेल्या पाव शतकात रूढ झाला, त्याच्या पाठोपाठ एक तक्रारही आता रूढ होऊ लागली आहे. आणि ती वरकरणी क्षुल्लक, किंबहुना खुशालचेंडूंची वाटत असली, तरी तिच्या मुळाशी व्यवहारनीतीचा जो प्रश्न आहे त्याचा जाहीर ऊहापोह होणे मला अगत्याचे वाटते. तक्रारीचे स्वरूप असे की, ज्या रिसॉर्टमध्ये आपण वर्षानुवर्षे उतरत आलो, ज्याची शिफारस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आपणच मोठ्या हौसेने केली, तेथे या खेपेस जाऊन पाहावे तो गेल्या खेपेचे निम्मेअधिक नाहीसे झालेले. सकाळचा नाश्ता, जो भाड्यातच धरलेला असे, त्याचे आता माणशी वेगळे पैसे; खोलीतली पाणी तापवायची किटली काढून घेतलेली; तान्ह्या मुलाचे दूध रात्री-अपरात्री गरम करून देणारे स्वयंपाकघर दहाच्या ठोक्याला बंद; मुलांच्या उथळ तलावाच्या तळाशी पाण्याऐवजी सुरूच्या काड्यांचा थर, आणि कडेला 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी, जिच्यावरची अक्षरे उन्हाने इतकी विटलेली की दुरुस्ती कोणत्या साली सुरू झाली असावी याचा तर्क पाहणाऱ्यानेच करावा. विचारणा करावी, तर काउंटरवरचा तरुण, जो स्वतःच नुकता नोकरीस लागलेला असतो, अत्यंत नम्रपणे सांगतो, "सर, आता मॅनेजमेंट बदललंय."

ज्या राज्यात वैशाखात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली जाते, तेथे पोहण्याचा तलाव कोरडा निघाला म्हणून हळहळणाऱ्यांविषयी फारशी सहानुभूती वाटू नये, हे मी समजू शकतो. तथापि तीन पिढ्यांचे कुटुंब ज्या हिशेबाने मुक्कामाची जागा ठरवते तो हिशेब एकट्यादुकट्या प्रवाशाच्या हिशेबाहून सर्वस्वी निराळा असतो, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. तरुण जोडप्यास नाश्ता मिळाला नाही तर ते रस्त्यावरच्या टपरीवर चहा-पोहे खाऊन पुढे निघते. पण ज्या घरातल्या आजीला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, जिच्यासाठी तळमजल्यावरची, न्हाणीघरात धरायला दांडी असलेली खोली महिनाभर आधी फोन करून राखून ठेवलेली असते, ज्या घरातल्या एका मुलाला दूध लागते आणि दुसऱ्याला पाण्याची भीती घालवायची असते, त्या घराने भाड्याचे पैसे मोजलेले असतात ते नेमके या बारीकसारीक सोयींसाठी. त्या काढून घेतल्यावर जे उरते, म्हणजे चार भिंती, एक पलंग आणि समुद्राचा आवाज, ते निम्म्या पैशात शेजारच्या घरगुती निवासातही मिळाले असते, आणि तेथे वर सोलकढी आग्रहाने वाढली गेली असती.

मालकपक्षाचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते सर्वस्वी खोटे नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड आणि दापोलीच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या, छपरे उडाली, आणि टाळेबंदीने आधीच रिकाम्या झालेल्या तिजोरीवर दुसरा घाला पडला. त्यातून उठून उभे राहावे तो पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा किनारा झोडपला. खाऱ्या वाऱ्याने लोखंड, पंखे आणि एसीचे पत्रे किती लवकर खाल्ले जातात हे घाटावरच्या माणसाला ठाऊक नसते. मे महिन्यात विहिरीचे पाणी मचूळ होते, टँकर विकत घ्यावा लागतो, आणि ज्या दिवसांत पाहुणे सर्वांत अधिक त्याच दिवसांत पाणी सर्वांत कमी, असा हा धंदा आहे. शिवाय पाहुणेही धुतल्या तांदळासारखे नसतात. चौघांची खोली घेऊन त्यात सातजण निजवणारे, अंगावरच्या वाळूसकट तलावात उड्या टाकून गाळणयंत्र तुंबवणारे, आणि एसीच्या रिमोटचे सेल संपले एवढ्यावरून अर्धे भाडे परत मागून 'नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकीन' अशी धमकी देणारे सभ्य गृहस्थ मी पाहिले आहेत. तेव्हा सोयींत फेरफार होणारच, आणि प्रसंगी तो करावाच लागतो, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो फेरफाराची खबर केव्हा द्यावयाची याविषयी. माझ्या पाहण्यात आलेल्या एका पावतीच्या पाठीमागे बारीक टाइपात काही शर्ती छापलेल्या होत्या. त्यांतली एक अशी की, आगमनाच्या सात दिवसांच्या आत बुकिंग रद्द केल्यास भरलेल्या रकमेपैकी काहीही परत मिळणार नाही; आणि तिच्याच खाली, जणू काही पहिलीशी तिचा काडीचाही संबंध नसावा अशा निर्विकारपणे, दुसरी शर्त अशी की, कोणत्याही सोयीत पूर्वसूचनेशिवाय बदल करण्याचा अधिकार व्यवस्थापनाने राखून ठेवला आहे. एकाच कागदावर, बोटभर अंतराने, एका पक्षाची मुदत दिवसांनी मोजलेली आणि दुसऱ्या पक्षास मुदतीचे बंधनच नाही! पाहुण्याच्या घरी आजारपण उद्भवले, गाडी बंद पडली, मुलाची परीक्षा पुढे गेली, तरी करारनामा अक्षरशः लागू. आणि मालकाने तलाव बुजवला, जेवणघर दुसऱ्यास चालवायला दिले, समुद्राकडचे फाटक बंद केले, तरी करारनामा सुरक्षित. माझा आक्षेप आहे तो या एकतर्फीपणास. कोरड्या तलावाचे दुःख दोन दिवसांत विसरता येते. पण तो कोरडा आहे हे मालकास एप्रिलमध्ये ठाऊक असूनही मेमध्ये त्याच्या निळ्याशार छायाचित्रावर पैसे घेतले गेले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

याचा एक ठळक मासला वर्षातल्या एका ठरावीक तारखेस पाहावयास मिळतो. पावसाळ्याच्या तोंडाशी, साधारणतः २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत, किनाऱ्यावरची प्रवासी होडीवाहतूक आणि जलक्रीडा सुरक्षेसाठी बंद ठेवल्या जातात. हा सरकारी बंदोबस्त आहे, तो योग्य आहे, आणि त्याचा दोष कोणत्याही रिसॉर्टकडे जात नाही. परंतु शाळा जूनच्या मध्यापर्यंत उघडत नसल्यामुळे पुष्कळ कुटुंबे नेमकी मेच्या अखेरच्या आठवड्यात निघतात, त्यांना जी जाहिरात दाखवली जाते तीत हवेत तरंगणारी छत्री आणि मालवणच्या बंदरातून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे निघालेली होडी असते, आणि तारकर्लीस पोहोचल्यावर मुलांना बंद पडलेले तिकीटघर पाहून परतावे लागते. दरवर्षी येणारी ही बंदी ज्या व्यावसायिकास ठाऊक नाही असा एकही किनाऱ्यावर सापडणार नाही. बुकिंगच्या वेळी एक वाक्य सांगितले असते तर पाहुणा आठ दिवस आधी आला असता, किंवा होडीची आशा सोडून आला असता. पण ते वाक्य सांगितल्याने खोली रिकामी राहण्याचा जो अल्पसा धोका होता, तो पत्करण्याची तयारी नव्हती.

वारंवार येणाऱ्या कुटुंबाची फसगत अधिक होते, याचेही कारण उघड आहे. नवखा माणूस चौकशी करतो, चार ठिकाणी दर विचारतो, छायाचित्रे पारखून घेतो. जुना पाहुणा आठवणीवर विसंबतो, आणि त्याची आठवण हीच मालकाची सर्वांत स्वस्त जाहिरात असते. फोन केल्यावर "या की, तुमचंच घर आहे" असे ज्याला ऐकवले जाते, त्याने जेवणाच्या बिलाविषयी शंका काढताच त्याला "कंपनीची पॉलिसी आहे" असे ऐकवले जावे, यात घर आणि कंपनी यांपैकी खरे कोणते, असा प्रश्न त्याला पडला तर नवल नाही. अलीकडे अनेक ठिकाणी मूळ कुटुंबाने जागा शहरातल्या एखाद्या संस्थेस चालवावयास दिलेली असते. आचारी बदलतो, नोकरवर्ग बदलतो, दर बदलतात, परंतु दारावरचे नाव मात्र जाणीवपूर्वक तेच ठेवले जाते. जे नाव विकत घेताना त्या नावाचा लौकिक घेतला, त्या नावाने पूर्वी जे कबूल केले जात असे त्याची जबाबदारी मात्र घेतली नाही, हा न्याय मला मान्य नाही. वीस वर्षांच्या येण्याजाण्याने पाहुण्यास कायद्याचा काही हक्क पोहोचतो असे माझे म्हणणे नाही. पण नैतिक वहिवाट पोहोचते, आणि निदान एका फोनाइतकी तरी ती मानली गेली पाहिजे.

समुद्राकडच्या फाटकाविषयी दोन शब्द वेगळे लिहिणे भाग आहे, कारण 'आमचा खाजगी किनारा' अशी जाहिरात करून पुढे त्याच किनाऱ्याच्या वाटेवर वेळेचे निर्बंध घालण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. आपल्या देशात समुद्राची पुळण कोणाच्याही खाजगी मालकीची वस्तू नाही. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या डिसेंबर १९९६ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा आणि वने यांच्या बाबतीत शासन हे जनतेचे विश्वस्त आहे असे स्पष्ट सांगितले. आणि योगायोग असा की तो खटलाही हिमाचलात बियास नदीच्या काठी उभारलेल्या एका मोटेलच्या सोयीसाठी नदीचा प्रवाह वळवण्यावरून उद्भवला होता. तेव्हा मालकाने आपले फाटक खुशाल बंद करावे, तो त्याचा अधिकार आहे. पण जी पुळण त्याची नव्हतीच ती भाड्यात धरून विकू नये.

कायद्याची बाजू पाहू गेल्यास ती आपल्याला वाटते तितकी लंगडी नाही. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ साली आला, आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. या नव्या कायद्याने 'अनुचित करार' ही कल्पना प्रथमच आणली असून, ज्या शर्तींमुळे ग्राहकाच्या हक्कांत त्याच्या तोट्याचा मोठा फरक पडतो, अशा शर्तींविरुद्ध राज्य आयोगापुढे दाद मागता येते. पावतीच्या पाठीमागच्या त्या दोन जुळ्या शर्ती तेथे एकदा कोणीतरी नेऊन दाखवाव्यात अशी माझी फार इच्छा आहे. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतल्या ज्या तेरा फसव्या युक्त्यांना मनाई केली, त्यांत एक वस्तू दाखवून दुसरीच गळ्यात बांधणे आणि किंमत सुरुवातीस पूर्ण न सांगता थेंबाथेंबाने वाढवत नेणे, या दोहोंचाही समावेश आहे. भाड्यातला नाश्ता आल्यानंतर वेगळा होणे हे यांपैकी कशात बसते, हे वाचकांनीच ठरवावे.

मात्र प्रत्येक किटलीसाठी आयोगाची पायरी चढावी लागणे हे काही सुव्यवस्थेचे लक्षण नव्हे. माझी मागणी अगदी माफक आहे. पैसे स्वीकारताना त्या दिवशी चालू असलेल्या सोयींची यादी तारखेसह पावतीवर लिहून द्यावी. पैसे घेतल्यापासून पाहुणा येईपर्यंत त्यात काही उणे झाले तर ते कळवावे. आणि कळवल्यावर, पूर्ण रक्कम परत घ्यावयाची की दरात सवलत घेऊन यावयाचे, ही निवड पाहुण्याकडे असावी. वादळाने छप्पर उडाले असेल तर कोणताही शहाणा पाहुणा हुज्जत घालणार नाही, उलट जुना असेल तर मदतीसही धावेल. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ पासून या क्षेत्रात आहे आणि त्याची स्वतःची निवासस्थाने गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत पसरलेली आहेत; असा शिरस्ता त्याने आपल्या प्रत्येक पावतीवर पाडून दाखवला, तर खाजगी मालकांना तो टाळणे अवघड जाईल. कागदाच्या अर्ध्या पानाचा हा खर्च आहे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. फोनवर मिळालेले तोंडी आश्वासन त्याच दिवशी लिहून पाठवावे आणि त्यास होकार मागून घ्यावा. बिघाड दिसताच निघताना नव्हे, तर उतरताक्षणी लेखी कळवावे, कारण चार दिवस सुखाने राहून पाचव्या दिवशी केलेली कुरकूर कोणी मनावर घेत नाही. राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. रिसॉर्ट सिंधुदुर्गात असले तरी तक्रार पाहुण्यास आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाखल करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तिचे शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. सबब पावती, जाहिरात आणि मालकाशी झालेला पत्रव्यवहार, मग तो व्हॉट्सॲपवरचा का असेना, तेवढी मुदत संपेपर्यंत फेकून देऊ नये.