डोपामाइन आणि धाकधूक

यंदा मराठी विभागासाठी आलेले लेख वाचताना एक गंमत दिसली. भाट्याच्या किनाऱ्यावर पावसात भिजलो, 'डोपामाइन मिळालं'. मेसमध्ये चक्क मोदक होते, पुन्हा 'डोपामाइन मिळालं'. व्हायवाला घाम फुटला तर 'अमिग्डाला हायजॅक', आणि केटी लागली की 'सेरोटोनिन डाऊन'!

आता मी कॉन्व्हेंटचं प्रॉडक्ट. 'इंग्रजी शब्द नकोत' असं मी लिहिलं तर आधी माझे रूममेट्सच हसतील. भांडण इंग्रजीशी नाहीच. सर्किट, मोटर, बल्ब आपण घेतलेच की! प्रश्न एवढाच, की हे शब्द आपण बरोबर वापरतो का?

डोपामाइनचंच बघा. मेंदूत ते स्वतः संदेश पोचवण्याचं काम करतं, हे १९५० च्या दशकात स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी दाखवलं. २००० सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यांच्या सशांचं डोपामाइन संपलं तेव्हा त्यांची हालचालच थांबली. पार्किन्सन्सच्या औषधाची वाट तिथूनच सापडली. पुढे वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना फळांचा रस देऊन बघितलं. रस अचानक मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळायच्या. रसाआधीची खूण ओळखीची झाली की त्या खुणेलाच उसळायच्या, रसाला नाही. आणि खूण होऊन रस आलाच नाही, तर त्या मंदावायच्या. आपल्या कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत हा चक्क एरर सिग्नल झाला! त्याला सरळ 'आनंद' कसं म्हणायचं? सेरोटोनिनचं तर आणखी मजेशीर. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं.

मीटर न लावता जर्नलमध्ये रीडिंग लिहिलं तर सर काय करतील? लाल रेघ! मग स्वतःच्या मेंदूचं रीडिंग आपण कुठल्या मीटरवर घेतलं?

याउलट आपल्याकडे शब्द किती नेमके आहेत! व्हायवाच्या आधीची धाकधूक, रिझल्टच्या आदल्या रात्रीची धास्ती, दोन मार्कांनी केटी लागल्यावरची चुटपुट, मित्राला एसटीत बसवून रिकाम्या रूमवर परतताना लागणारी हुरहूर. या चारही गोष्टी वेगळ्या आहेत. 'पोटात गोळा आला', 'छातीत धस्स झालं' यात तर कुठे काय झालं तेही आलं. हे रीडिंग ज्याचं त्याने स्वतः घेतलेलं असतं. त्याला मीटर लागत नाही.

कुणी म्हणेल, या वैज्ञानिक शब्दांमुळेच लोकांची लाज कमी होते. खरं आहे. आपल्याच रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी रुग्णालयं अगदी मोजकी. पण त्या गेटमधून आत जाताना कुणी ओळखीचं बघेल की काय, ही भीती आजही लोकांना असते. 'हा आजार आहे, तुझा आळशीपणा नाही' असं डॉक्टरांनी सांगितलं तर डोक्यावरचं मोठं ओझं उतरतं. तिथे हे शब्द हवेतच. पण ते तपासणी करून डॉक्टरांनी वापरायचे. आपण उठसूट वापरले तर त्यांची धारच जाते.

आणि खरी काळजी वेगळीच आहे. हॉस्टेलवर कुणी म्हणालं, "आज सेरोटोनिन डाऊन आहे यार," तर आपण हसतो आणि हेडफोन कानाला लावतो. तोच मुलगा "चार दिवस झोप नाही, घरी तोंड दाखवायची भीती वाटते" असं म्हणाला तर? कुणीतरी नक्की त्याच्या कॉटवर जाऊन बसेल. पहिल्या वाक्यात त्याला लपायला जागा आहे, दुसऱ्यात नाही. आणि ज्याला खरंच मदत हवी आहे, त्याचं वाक्य आपल्याला कळायला नको का?

म्हणून लिहिणाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या अंकाला लेख देताना, आणि त्याआधी रूममेटशी बोलताना, नेमकं काय वाटतंय ते साध्या शब्दांत सांगा. ऐकणाऱ्यांनी हेडफोन काढा. आणि बोलायला कुणीच नाही असं वाटलं, तर २०२२ पासून सुरू असलेली सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन आहेच : १४४१६. तिथेही मराठीत बोलता येतं. 'भीती वाटते' एवढं म्हटलं तरी पुरतं!