ताकदीचा दाखला आणि क्षरणाचा हिशेब

ॲल्युमिनियमच्या खरेदीत घटकांचे शेकडा प्रमाण आणि ताणशक्तीचा आकडा एवढा दाखला दप्तरी दाखल झाला की तपशिलाची पूर्तता झाली, असे मानणाऱ्यांशी माझा जुना मतभेद आहे; कारण खाऱ्या हवेत हा धातू किती वर्षे तग धरील याचा निकाल, त्यात कोणती द्रव्ये मिसळली याइतकाच, ती द्रव्ये त्याच्या अंतरंगात कोठे व कोणत्या रूपाने वसली आहेत यावर लागत असतो.

1906 च्या सुमारास बर्लिननजीक आल्फ्रेड विल्म या संशोधकाला असे आढळले की सुमारे 4 टक्के तांबे आणि अल्पसे मॅग्नेशियम घातलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात झटकन थंड केले व नुसते ठेवून दिले, तर काही दिवसांत ते आपोआप कठीण होते. पुढे ड्युरालुमिन म्हणून विख्यात झालेल्या या मिश्रधातूने झेपेलिन वायुनौकांचे आणि विमानांचे सांगाडे घडवले; परंतु 1920 नंतरच्या दशकात पातळ पत्र्यांविषयी तक्रारी येऊ लागल्या, की वरून धड दिसणारा पत्रा वाकवताच तुटतो.

या दोषाचे मूळ धातूच्या कणसीमांवर आहे. तापलेला पत्रा पाण्यात शिरण्यास विलंब झाला, किंवा पाणी पुरेसे थंड नसले, की तांब्याचा अंश कणांच्या सीमेवर ॲल्युमिनियमशी संयोग पावून साचतो आणि लगतची चिंचोळी पट्टी ताम्रहीन होते. मग मिठाचा ओलावा पोहोचताच ताम्रयुक्त भाग ऋणाग्र आणि ती दुर्बळ पट्टी धनाग्र अशी सूक्ष्म विद्युतघटांची मालिकाच तेथे उभी राहते, आणि एरवी या धातूचे रक्षण करणारा, काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा भेदून क्षरण सीमेसीमेने आत उतरते. पृष्ठभागावर डाग नाममात्र, आणि आत कणांचे परस्परांशी असलेले नातेच तुटलेले! अमेरिकेत 1927 साली पुढे आलेला अल्क्लॅड पत्रा हा यावरील मोठा सुज्ञ उपाय होय: दोन्ही अंगांस शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर, जो ओरखडा पडला तरी स्वतः झिजून आतील गाभ्याला वाचवतो. मात्र तोच पत्रा वारंवार तापवला, तर गाभ्यातील तांबे थरात झिरपून हा बंदोबस्त निष्फळ करते.

मॅग्नेशियमची कथा निराळी. समुद्रावर उत्तम टिकणाऱ्या मिश्रधातूंत ते विरघळलेले असते तोवर उपकारकच. पण प्रमाण 3 टक्क्यांहून अधिक असता, उन्हाने वा यंत्रांच्या उष्णतेने धातू वर्षानुवर्षे तापत राहिला, तर ते कणसीमांवर गोळा होते आणि तेथून भेगा पडतात. अमेरिकी नौदलाच्या टायकॉन्डेरोगा वर्गातील युद्धनौकांच्या वरच्या बांधणीस अशाच भेगांनी ग्रासले.

जस्तयुक्त 7075 या मिश्रधातूत तर ताणाखाली भेगाळण्याचा धोका टाळण्यासाठी अभियंत्यांनी तो मुद्दाम अधिक काळ तापवून, ताकदीत सुमारे 10 ते 15 टक्क्यांची घट मंजूर केली. हा निर्णय मला या क्षेत्रातील सर्वांत विवेकी वाटतो. म्हणून माझे आग्रहाचे मागणे आहे की करारनाम्यात केवळ मिश्रधातूचा क्रमांक न लिहिता त्यापुढील टेम्परचे, म्हणजे धातूवर झालेल्या तापवण्याच्या व इतर संस्कारांचे, चिन्हही लिहावे, आणि माल ताब्यात घेताना मक्तेदाराकडून ताणचाचणीबरोबर कणसीमांच्या क्षरणाचा चाचणी-अहवालही सक्तीने मागावा.

— धातुसेवक