खोली द्या, शेजारच्या गावासाठी

दारू सोडवायची म्हटलं की आमच्या भांडगावात पहिला उपाय माळेचा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघते ती आमच्याच रस्त्यानं. माझ्या नवऱ्यानं तेव्हाच माळ घातली. श्रावण सरला, पोळा झाला, कंपनीचा पगार हातात आला आणि त्या संध्याकाळी माळ देव्हाऱ्यात काढून ठेवलेली दिसली.

माळेला मी नावं ठेवत नाही. माळ टिकलेली माणसं गावात आहेत आणि ती दर एकादशीला भजनाला बसणारी, दिंडीत चालणारी आहेत. संगत होती म्हणून त्यांची टिकली. शपथ घेऊन जो एकटाच घरी बसला, त्याची सुटली.

मी अंगणवाडी सेविका आहे, घरोघरी जाते. चहातून द्यायच्या पुड्यांवर मंगळसूत्रातले मणी मोडलेल्या बायका मला माहीत आहेत. पुडीनं दारू सुटत नाही. आणि कोंडून ठेवून एकाएकी बंद करणं तर जिवावर बेततं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते, माणूस दगावूही शकतो. सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढावे लागतात.

पुण्यात त्यासाठी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं 29 ऑगस्ट 1986 रोजी ते सुरू केलं. तिथले उपचार 35 दिवसांचे. पण छत्तिसाव्या दिवशी माणूस गावीच येतो. एसटीतून महामार्गावर उतरलं की घरापर्यंत तीच दुकानं, तेच मित्र, ‘आज एकच घे’ म्हणणारे तेच आवाज. खरी लढाई तिथून पुढे सुरू होते, आणि तिथं औषधाइतकीच मीटिंग लागते.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, सगळे म्हणतात ते ‘एए’. अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात 1935 साली बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे सर्जन एकमेकांना भेटले. दोघंही दारूनं पोखरलेले. दुसऱ्या पिणाऱ्याशी मनातलं बोललं की आपली तलफ त्या दिवसापुरती टळते, हे त्यांना कळलं. आपल्या देशात हे काम 1957 पासून चालू आहे. कोक्रेन या संस्थेनं 2020 मध्ये 27 अभ्यास एकत्र तपासले, त्यांत दहा हजारांवर माणसं होती. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एएच्या वाटेची नीट ओळख करून देणारे उपचार इतर मान्य उपचारांपेक्षा सरस ठरले.

घरच्यांनाही येता येतं अशा एका खुल्या मीटिंगला मी नवऱ्यासोबत बसले. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा तक्ता. बोलणारा फक्त नाव सांगतो आणि म्हणतो, ‘मी मद्यपी आहे.’ आडनाव गळलं की जात गळते, भावकी गळते, सातबाराही गळतो. कुणी मध्ये तोंड घालत नाही, कुणी उपदेश करत नाही. शेवटी एक डबा फिरतो, ज्याला जमेल त्यानं दहा-वीस रुपये टाकायचे. फी नाही, बाहेरची देणगी घेत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. तिथं कोण काय बोललं ते मी लिहिणार नाही, तिथला नियम आहे आणि मला तो मनापासून पटतो. एवढंच सांगते, नवरा बोलला त्यातली एक गोष्ट इतक्या वर्षांच्या संसारात मला, त्याच्या बायकोला, ठाऊक नव्हती.

ही मीटिंग आम्हाला सापडली ती पुण्यात. पन्नासेक किलोमीटर. खुतबाव स्टेशनवरून गाडी धरायची, मीटिंग संपेपर्यंत रात्र, परतीच्या गाडीची खात्री नाही, रात्रपाळी बुडते. कंपनीत रोजंदारीवर असलेल्याला किंवा गुऱ्हाळावर राबणाऱ्याला हे आठवड्याला परवडेल का? माझ्या मते गावं जी बाटली आडवी करायला मतदान करतात, ते चांगलंच. पण ज्याला आधीच लागलेली आहे, तो दुकान बंद झालं तर दुसऱ्या गावी जातो. त्याच्यासाठी आपण काय ठेवलंय?

एका ठिकाणी आम्ही मीटिंगसाठी खोली मागितली. ‘दारुड्यांना खोली कशाला?’ असं उत्तर आलं. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. लग्नाच्या बैठकीला, निवडणुकीच्या सभेला त्याच खोल्या उघडतात.

काही जण म्हणतात, खोली दिली तरी गावात येणार कोण, गाडी बाहेर उभी दिसली की सगळ्यांना कळतं. खरं आहे. भांडगावचा माणूस भांडगावच्या मीटिंगला आधी येणार नाही. पण तो केडगावला जाईल, केडगावचा पाटसला जाईल, यवतचा आमच्याकडे येईल. म्हणून एकच गाव पुरायचं नाही. प्रत्येक गावानं शेजारच्या गावासाठी खोली द्यायला हवी.

यवतपासून पाटसपर्यंतच्या ग्रामपंचायतींना, शाळांना, देवस्थानांना माझी विनंती आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी दीड तास एक खोली, एक दिवा आणि पिण्याचं पाणी द्या. दारावर पाटी लावू नका, कोण आलं ते विचारू नका. आणि ज्या घरात आज हे चालू आहे त्यांनी 14446 या व्यसनमुक्तीच्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.