कंबरेचा कट्टा आणि डॉक्टरची सही

5 जानेवारी 2024 रोजी पुण्यात कोथरूडला शरद मोहोळचा भरदिवसा गोळ्या घालून खून झाला. त्याच रात्री पोलिसांनी संशयितांना सातारा रस्त्यावर किकवी ते शिरवळदरम्यान पकडले आणि तीन पिस्तुले जप्त केली. किकवी हे भोर तालुक्यातले गाव. अशा बातमीनंतर बोलणे होते ते टोळ्यांचे. तब्येतीचे कोणी बोलत नाही.

कायदा तसा स्पष्ट आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला साधारण दोन ते पाच वर्षे कैद. परवानाधारकाने मात्र पिस्तूल झाकूनच न्यायचे असते. म्हणजे शस्त्र लपवण्यावर कायद्याचा रोख नाही, ते कोणाच्या हाती आहे यावर आहे. भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याला रानडुकरांपासून पीक राखायला बंदूक हवी असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला. माणूस आणि बंदूक यांच्यामध्ये डॉक्टर उभा राहतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. गावठी कट्टा विकणारा कसला दाखला मागणार!

अमेरिकेत निम्म्याहून अधिक राज्यांत आता लपवून शस्त्र बाळगायला परवाना लागत नाही. तिथे 2021 मध्ये बंदुकीने 48,830 माणसे मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. बंदुकीने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नात दहापैकी जवळपास नऊ जण वाचत नाहीत. औषध प्यायलेल्याला निदान दवाखान्यात पोचायला वेळ मिळतो. खोल मावळातून गोळी लागलेला माणूस घाट उतरून ससूनला पोचेपर्यंत किती रक्त जाईल, याचा अंदाज त्या रस्त्याने गेलेल्या कोणालाही येईल.

म्हणून तो दाखला उरकण्याचा कागद होता कामा नये. 2019 मध्ये परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली, हे आरोग्याच्या दृष्टीने उलटेच झाले. पाच वर्षांत कर्ज होते, व्यसन लागते, झोप उडते. दारू किती, घरात भांडणे किती, पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला होता का, हे डॉक्टरने बसवून विचारले पाहिजे, आणि शक्य तर घरच्यांनाही.

निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. घरात कोणी महिनाभर खचून बसले असेल, तेव्हाही ती तशीच जमा करून यावी.